उतारावर टिल्टमीटर बसवायच्या आधी तापमानाची तयारी

माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ची रात्र. तिन्ही दरडी जुलैतच, त्यामुळे सह्याद्रीतल्या उतारावर टिल्टमीटर (जमिनीचा बारीकसा कल मोजणारं यंत्र) लावायचा असेल तर निदान एप्रिलमधे कामाला लागा, कारण मे महिन्याचं ऊन आणि पहाटेचा गारवा दोन्ही त्या यंत्राने खाल्लेलं असेल तरच जुलैतल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो.

निघायच्या आधी घरीच एक टेस्ट करा. तळमजल्यावर थेट फरशीवर (टेबलावर नको, टेबल स्वतःच वाकतं) सेन्सर ठेवा, वर थर्मोकोलचा खोका, आत एकदा बर्फाच्या पिशव्या आणि एकदा छोटा बल्ब, आणि दोन दिवस हळूहळू गरम गार होऊ द्या. घाई केलीत तर सेन्सरच्या एका बाजूला ऊब आधी पोचते आणि खोटाच कल दिसतो. मग सेन्सर १८० अंश फिरवून परत तेच. आकडा तापमानाबरोबर आधीच्याच दिशेने सरकला तर ती यंत्राची खोड, चिन्ह उलटं झालं तर खरंच फरशी हलतेय. बुडबुड्याच्या सेन्सरमधे (द्रवातल्या बुडबुड्याच्या जागेवरून कल मोजणाऱ्या) द्रव फुगतो, बुडबुड्याचा आकार बदलतो, म्हणून नुसता शून्यच सरकतो असं नाही, मोजपट्टीच बदलते, दोन्ही वेगवेगळं लिहून ठेवा.

बसवायच्या प्लेटकडे लोक बघतच नाहीत आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. हिशोब करून बघा: अ‍ॅल्युमिनियमचे ५ सेंटिमीटरचे पाय, दोघांत २० सेंटिमीटर अंतर, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा फक्त १ अंशाने गरम, तरी पावणेसहा मायक्रोरेडियनचा कल दिसतो. १ मायक्रोरेडियन म्हणजे एक किलोमीटर लांब पट्टीचं एक टोक १ मिलीमीटर उचलणं, आणि चंद्रसूर्याच्या ओढीने जमीन कलते ती त्याच्याही साधारण दहाव्या हिश्श्याने. म्हणून पाय आखूड, तिन्ही एकाच धातूचे, जमलं तर इन्वारचे (लोखंड-निकेलचा मिश्रधातू), त्याचं प्रसरण अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास विसाव्या हिश्श्याचं असतं.

साइटवर एक मीटर तरी खोल जा. साधारण मातीत दिवसाची गरम-गार लाट दर १०-१२ सेंटिमीटरला जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येते, म्हणजे मीटरभर खाली ती संपल्यातच जमा, पण वर्षाची लाट त्याच्या १९ पट खोल जाते आणि उशिरा पोचते, त्यामुळे हंगामाचा संथ उतार दिसणारच. भौतिकशास्त्रज्ञ मायकेल्सनने अमेरिकेत चंद्रसूर्याच्या ओढीने जमिनीला येणारा हाच कल मोजायला सुमारे ५०० फुटांचे पाइप जमिनीत पुरले आणि ते अर्धेच पाण्याने भरले, का, तर भरलेल्या पाइपच्या दोन टोकांना तापमान वेगळं असलं की पातळी खोटं बोलते, मोकळा पृष्ठभाग असला की नाही बोलत. सिमेंट वापरलं तर ते घट्ट होताना स्वतःच तापतं, पहिल्या काही आठवड्यांचे आकडे बाजूला ठेवा. केबलला ढील द्या आणि पुरा, उन्हात ती लांबते, गारव्यात आखडते आणि सेन्सरला ओढते.

लॉगरही (सेन्सरचे आकडे नोंदवणारं यंत्र) तापतो हे विसरू नका. एका रिकाम्या चॅनलला चांगला स्थिर रेझिस्टर लावून ठेवा, दुपारी तो आकडा हलला तर दोष लॉगरचा, डोंगराचा नाही. डबा पांढरा, वर दुसरं छप्पर.

तापमानाचा सेन्सर टिल्टमीटरच्या अंगालाच, डब्याच्या झाकणावर नको. तरीही तापमान वजा करून मोकळं होऊ नका, हे कळकळीने सांगतोय. पहिला मोठा पाऊस पडला की हवा एकदम गार, पाणी मुरून मातीही गार, आणि नेमकं तेव्हाच उतार खरंच सरकू शकतो. दोन्ही एकाच तासात. आंधळेपणाने वजाबाकी केलीत तर खरी हालचालही पुसली जाईल. म्हणून गुणांक (एका अंशामागे आकडा किती सरकतो तो) मे महिन्याच्या कोरड्या दिवसांवरून काढा आणि पावसात तोच वापरा, शक्य असेल तर जवळच्या घट्ट कातळावर दुसरा तसाच टिल्टमीटर लावा, तो हलला नाही आणि उतारावरचा हलला तर वाट न बघता खालच्या वाडीला कळवा. कोणाला फोन करायचा ते नंबर बसवायच्या दिवशीच डब्याच्या आत चिकटवून ठेवा.