गोलकीपरच्या कारकिर्दीत या चुका टाळा: हात नंतर, पाय आधी

चेंडू हातातून निसटला की सगळं मैदान कीपरच्या हातांकडे बघतं. पण खाल्लेल्या गोलाचा व्हिडिओ दोन सेकंद मागे नेऊन बघा, घोटाळा बहुतेक वेळा पायांत सापडतो. फटका बसला तेव्हा कीपर अजून पुढे येत असतो, नाहीतर चुकीच्या जागी उभा असतो. ही सवय पंधरा-सोळाव्या वर्षी सुटली नाही, तर क्लबच्या निवड चाचणीत ती लगेच उघडी पडते.

फटक्याच्या क्षणी पाय हलत असणं

लक्षण ओळखायला सोपं आहे. हातभर अंतरावरून जमिनीलगत जाणारा चेंडूही अडत नाही. पुढे धावणाऱ्या शरीराचं वजन पुढेच जात असतं, ते थांबवून बाजूला झेपावेपर्यंत चेंडू जाळीत पोचलेला असतो. म्हणून स्ट्रायकरने फटक्यासाठी पाय मागे घेतला की जिथे असाल तिथे थांबायचं, ठरवलेल्या जागी पोचला नसलात तरी. पाय खांद्याइतके रुंद, वजन चवड्यांवर, गुडघे सैल, हात कमरेच्या उंचीवर अंगापुढे. पाय जास्त फाकवले तर झेप घेण्याआधी एक पाय जवळ ओढावा लागतो, शिवाय चेंडूला मधून वाट मिळते.

कोन न ओळखता पुढे येणं

गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो. चेंडू पेनल्टी स्पॉटवर, म्हणजे 11 मीटरवर आहे आणि तुम्ही रेषेवरच उभे आहात, तर पूर्ण 7.32 मीटर सांभाळायचे. 3 मीटर पुढे या, तीच रुंदी साधारण 5.3 मीटरवर येते. दोन्ही बाजूंना एकेक मीटर वाचला. पण हा फायदा चेंडू आणि गोलाचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवर उभं राहिलात तरच मिळतो. त्या रेषेपासून दोन पावलं बाजूला सरकलात, तर पुढे येऊन उलट जवळचा पोस्ट मोकळा पडतो. आणि चेंडू 25 मीटरवर असताना फार पुढे आलात, तर डोक्यावरून उचलून मारायला जागा मिळते.

याचा सराव दोराने करा. साधारण 35 मीटर लांबीचा दोर घ्या, दोन्ही टोकं दोन पोस्टना बांधा आणि दोराचा मध्य चेंडूपाशी एका साथीदाराला धरायला द्या. तो चेंडूसकट जागा बदलत राहील, तुम्ही दोराच्या दोन बाजूंच्या बरोबर मध्ये राहायचं. दर वेळी आधी डोळे चेंडूवर ठेवून उभे राहा, मग दोर बघून चूक किती होती ते तपासा. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं पुरतात. सामन्यात दोर नसतो, तेव्हा पेनल्टी स्पॉट आणि डी (पेनल्टी क्षेत्राबाहेरचा अर्धगोल) यांच्या खुणांवरून गोलाचा मध्य ताडायचा.

सोपा चेंडू सोपा समजणं

2010 च्या विश्वचषकात इंग्लंडच्या रॉबर्ट ग्रीनच्या हातातून क्लिंट डेम्प्सीचा साधा फटका निसटून गोलात गेला आणि अमेरिकेविरुद्धचा सामना 1-1 सुटला. असा चेंडू नुसत्या हातांनी घ्यायचा नाही. करंगळ्या जवळ आणून तळवे वर, हातांमागे पाय किंवा छाती, आणि चेंडू लगेच पोटाशी ओढून घ्यायचा. छातीच्या वरचा चेंडू असेल तर अंगठे जवळ, बोटं पसरलेली. पकडता येत नाही असं दिसलं तर चेंडू पोस्टच्या बाहेरच्या दिशेने ढकला. समोर ढकललेला चेंडू म्हणजे स्ट्रायकरला दिलेला पास.

डाइव्ह पोटावर किंवा कोपरावर नको. मांडीची बाहेरची बाजू, कंबर, खांदा अशा क्रमाने जमिनीला टेका. कडक मैदानावर कोपरावर पडत राहिलं की आधी मनगट आणि मग खांदा दुखायला लागतो, आणि खांदा गेला की हंगाम गेला.

क्रॉसला उशिरा ओरडणं

क्रॉस, म्हणजे कडेने गोलासमोर उचलून मारलेला चेंडू, घ्यायला निघालात की ‘कीपर!’ ही हाक पाऊल टाकतानाच गेली पाहिजे. हाक दिली की माघार नाही. अर्ध्या वाटेवरून परत फिरणं सगळ्यात महागात पडतं, कारण बचावपटूने तोवर चेंडू सोडून दिलेला असतो. गर्दी असेल तर झेल विसरून दोन्ही मुठींनी बाजूला लांब मारा.

जुन्या नियमांवर खेळणं

सहकाऱ्याने जाणूनबुजून पायाने दिलेला चेंडू 1992 पासून हातात घेता येत नाही. तरी घाईत ही चूक होते, आणि समोरच्यांना अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. बॅक-पास मागताना दोन पोस्टच्या मधल्या पट्ट्यात उभे राहू नका, थोडं बाहेर सरका, म्हणजे चेंडू पायाखालून निसटला तरी गोलात जाणार नाही. 2025-26 च्या हंगामापासून चेंडू हातात 8 सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजतो, त्या हाताकडे लक्ष असू द्या. पेनल्टीला फटका बसेपर्यंत एका पायाचा थोडा तरी भाग गोलरेषेवर, तिच्या सरळ वर किंवा मागे हवा. गोव्याच्या लक्ष्मीकांत कट्टिमणीने 2022 मध्ये फातोर्ड्याच्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) अंतिम सामन्यात शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवून हैदराबादला विजेतेपद दिलं. फटका बसायच्या आधीच रेषा सोडणाऱ्या कीपरचे असे बचाव रद्द होतात आणि पेनल्टी पुन्हा मारली जाते.

डोक्याला लागल्यावर खेळत राहणं

याबाबतीत हयगय नको. 2018 च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात लिव्हरपूलचा कीपर लोरिस कारियसने दोन मोठ्या चुका केल्या. त्याआधी त्याची रेआल माद्रिदच्या रामोसशी टक्कर झाली होती, आणि नंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी मेंदूला धक्का बसल्याचं निदान केलं. चेल्सीचा कीपर पीटर चेकची कवटी 2006 मध्ये फुटली होती. तो डोक्याला संरक्षक टोपी घालून परतला आणि पुढे अनेक वर्षं खेळला. डोक्याला मार लागल्यावर गरगरलं, मळमळलं किंवा चेंडू धूसर दिसला, तर लगेच बाहेर या. त्या दिवशी परत मैदानात उतरायचं नाही, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत सरावही नाही.

मोठ्या क्लबच्या बाकावर वर्षं घालवणं

मैदानात कीपरची जागा एकच असते, आणि सामन्यांशिवाय अंदाज धारदार होत नाही. करार करताना क्लबच्या नावाआधी तीन प्रश्न विचारा: पहिला कीपर किती वर्षांचा आहे, राखीव संघाचे सामने किती होतात, आणि गोलकीपिंगचा वेगळा प्रशिक्षक आहे का? भारताचा कीपर गुरप्रीतसिंग संधू 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टॅबेक क्लबला गेला, पण लीगमध्ये खेळायला 2016 उजाडलं. त्याच वर्षी तो युरोपा लीगच्या पात्रता फेरीतही उतरला. रोजचा सराव वरच्या दर्जाचा असेल, तर अशी वाट बघण्याला अर्थ आहे. नुसतं बाकावर बसायचं असेल, तर खालच्या विभागात वर्षाला वीस सामने मिळणारा क्लब निवडा. कीपरकडे वेळ असतो: इटलीचा कीपर डिनो झॉफने 1982 चा विश्वचषक जिंकला तेव्हा तो 40 वर्षांचा होता.