मिरजेहून स्लॅशला ऐकायला जाताना

नोव्हेंबर २०१५ मध्ये रॉक गिटारवादक स्लॅश मुंबईत बीकेसीला वाजवून गेला, तेव्हा मी मिरजेत सतारमेकर गल्लीत एका तंबोऱ्याला पॉलिश करत होतो. दिवाळी चार दिवसांवर, ऑर्डरी तटलेल्या. म्हटलं, पुढच्या वेळी जाऊ. ती पुढची वेळ यायला साडेनऊ वर्षं लागली. १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर त्याचा बँड गन्स अँड रोझेस येणार हे कळलं, त्याच संध्याकाळी मी भाच्याला फोन केला आणि दोन तिकिटं काढायला लावली. तुमचा माणूस कुणीही असो, तो येतोय असं कळलं की त्याच दिवशी ठरवा. या लोकांनी साठी गाठलीय, काहींनी ओलांडलीय. त्यांच्या पुढच्या दौऱ्यावर भिस्त ठेवू नका.

तिकीट काढण्याआधी एक गोष्ट मात्र नक्की बघा. बँडचं नाव वाचून पैसे भरू नका, स्टेजवर कोण कोण असणार ते वाचा. डिसेंबर २०१२ मध्येही गन्स अँड रोझेस मुंबईत आले होते, पण स्लॅशने १९९६ लाच बँड सोडलेला आणि परत आला तो २०१६ ला. म्हणजे २०१२ ला गेलो असतो तर गाणी तीच ऐकली असती, पण ज्याच्यासाठी जायचं तो माणूस तिथं नव्हता. मला गिटार ऐकायची होती, म्हणून मी गेलो नाही आणि त्याचं दुःखही नाही. २०१५ चं आहे.

आता प्रवास. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे कार्यक्रमाचं तिकीट हातात आलं की कॅलेंडरवर तो साठावा दिवस मोजून लिहून ठेवा. सांगली-मिरजेच्या माणसाला जायला महालक्ष्मी एक्स्प्रेससारखी गाडी नाही. रात्री मिरजेत बसायचं, सकाळी दादरला उतरायचं. पण कार्यक्रमाच्या आदल्या रात्री निघा, त्याच दिवशी सकाळी घरातून निघून संध्याकाळी गेटवर पोचायचा हट्ट करू नका. घाटात एक ट्रक आडवा झाला की साडेनऊ वर्षांची वाट पाण्यात. आम्ही शनिवारी सकाळी दादरला उतरलो, भाच्याच्या मित्राच्या खोलीवर आंघोळ केली आणि दुपारी दोन तास चक्क झोपलो. ती झोप रात्री नऊ वाजता पायांना कळली.

दादरहून पश्चिम रेल्वेची चर्चगेटकडे जाणारी स्लो लोकल धरायची. प्रभादेवी, लोअर परळ आणि मग महालक्ष्मी. स्टेशनाबाहेर धोबीघाट दिसतो, तिथून रेसकोर्स चालत जाण्याइतकं जवळ आहे. गाडी महालक्ष्मी, स्टेशन महालक्ष्मी, मैदानही महालक्ष्मी. आईनं निघताना अंबाबाईचं नाव घेतलं होतं, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग अडचण येणारच नव्हती.

मे महिन्यातली मुंबई म्हणजे अंगाला चिकटणारी हवा. सुती शर्ट, बंद आणि जुने, पायाला सरावलेले बूट. पाठीवर मोठी बॅग नको. बाहेरची बाटली आणि खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून भडंगाची पिशवी खोलीवरच ठेवा आणि आत शिरण्याआधी पोटभर जेवून घ्या.

उभं राहण्याचा सराव करा, हे मी गंभीरपणे सांगतोय. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत जी संगीत सभा होते, ती ऐकत आम्ही वाढलो. तिथं सतरंजीवर बसायचं, पाय दुखले तर मांडी बदलायची. इथं गेट उघडल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत पाच-सहा तास पायांवर. महिनाभर आधीपासून मी रोज संध्याकाळी कृष्णाघाटापर्यंत चालत जाऊन येत होतो.

कुठं उभं राहायचं यावर माझं ठाम मत आहे. सगळे रेलिंगकडे धावतात. तिथून चेहरा दिसतो, पण आवाज नीट लागत नाही. ड्रम आणि बेस छातीवर आदळतात आणि गाणं त्याखाली दबतं. मैदानाच्या मधोमध, स्टेजकडे तोंड करून, ध्वनी सांभाळणाऱ्यांचा एक तंबू असतो. तिथला माणूस त्याच्या कानाला जे बरं वाटतं तेच सगळ्या मैदानाला ऐकवत असतो. त्याच्या थोडं पुढं उभे राहा. फार मागं गेलात तर दुसरीच अडचण. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे पंच्याऐंशी मीटरवर पडद्यावर बोटं आधी हलतात आणि सूर पाव सेकंदाने येतो. ज्याला बोटं बघत ऐकायचंय त्याला ते खुपतं.

कानात प्लग घाला. मेडिकलमध्ये फोमचे मिळतात. ८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. रॉकचा कार्यक्रम त्याच्या वरच जातो. माझं पोट कानावर आहे, जवारी लावताना, म्हणजे तंबोऱ्याचा सूर गुंजता करताना, तारा ज्यावर टेकतात त्या घोड्यावरचा दोऱ्याएवढा फरक ऐकू आला पाहिजे. पहिलं गाणं प्लगशिवाय ऐकलं, मग घातले, आणि उलट गिटारचे सूर जास्त सुटे सुटे ऐकू यायला लागले.

आणि जाण्याआधी ऐकून जा. दौऱ्यातल्या आधीच्या शहरांत काय वाजवलं ते सापडतं, ती गाणी त्याच क्रमाने आठवडाभर ऐका. शक्य असेल तर एखादं वाद्यावर काढून बघा. १९९१ साली मी चौदा वर्षांचा असताना मामेभावाच्या टेपवर 'स्वीट चाइल्ड ओ' माइन' ऐकलं आणि उसन्या गिटारवर ते काढायला बसलो. बोटं बरोबर पडत होती, पण सूर कॅसेटशी जुळेना. माझं पांढरी दोनमध्ये, पेटीवरच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुरात, वाजत होतं, कॅसेट त्याच्या खाली. दोन महिने मला वाटत होतं की टेप हळू चालतोय. हे लोक सगळ्या तारा अर्धा स्वर, म्हणजे पेटीवर लगतची एक पट्टी, उतरवून वाजवतात, हे नंतर कळलं.

रेसकोर्सवर अंधार पडल्यावर स्लॅशने त्या गाण्याचे सुरुवातीचे सूर छेडले तेव्हा भाच्यानं माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. मी डोळे मिटून ऐकलं. एवढी वर्षं ज्याची बोटं बघायची होती, त्यातलं पहिलं अर्धं मिनिट मी पाहिलंच नाही, आणि तसंच व्हायला हवं होतं.

मोबाइलचं आधीच ठरवून टाका: एक तुकडा घ्यायचा आणि खिशात ठेवायचा. मी त्याच गाण्याच्या आवाजाचा चाळीस सेकंदांचा तुकडा घेतला.

परतीचं सोपं आहे. उघड्या मैदानावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात, त्यामुळे कार्यक्रम लांबेल ही भीती नको. पण महालक्ष्मी एक्स्प्रेस तोवर सुटलेली असते, आणि रात्रीची खासगी बस पकडायला त्या गर्दीतून धावू नये. मैदानात अर्धा तास बसा, गर्दी ओसरू द्या, मग लोकलने खोलीवर जा. सकाळी कोयना एक्स्प्रेस आहे. खिडकीची जागा घेतलीत तर दिवसभर कालचं मनात घोळवत येता येतं.

सोमवारी दुकानात तो तुकडा चाचांना ऐकवला. ते पंचेचाळीस वर्षं तंबोरे लावतात, रॉक त्यांनी कधी ऐकलेलं नाही. हातातली कानस खाली ठेवून त्यांनी मोबाइल कानाशी धरला, पूर्ण ऐकला, पुन्हा लावायला सांगितला.

"काळी एक," ते म्हणाले. "आपल्या गवयांचाच स्वर की रे."