पोस्टग्रेस चालू-बंद करताना या चुका टाळा

'सर, डेटाबेस उठत नाहीये.' पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणाकडून फोनवर हे वाक्य आलं की मी आधी विचारतो, 'तू काय केलंस?' उत्तर ठरलेलं: 'काहीच नाही.' मग दिलेल्या कमांडची हिस्टरी उघडली की त्या 'काहीच नाही'च्या पंधरा ओळी निघतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पोस्टमास्टर डॉट पीआयडी ही फाइल हाताने उडवणं. चालू सर्व्हरच्या मुख्य प्रोसेसचा क्रमांक तिच्यात असतो, आणि त्याच डेटावर दुसरा सर्व्हर चढू नये म्हणून ती असते. एका कारखान्यात ९.४ आवृत्ती चालू होती. तिथल्या पोराने सर्व्हर रीस्टार्ट करायला पीजी-सीटीएल (पोस्टग्रेस चालू-बंद करायची कमांड) ला स्टॉप दिलं. तेव्हा स्टॉपचा मूळ मोड 'स्मार्ट' होता, म्हणजे सगळे क्लायंट आपणहून बाहेर पडेपर्यंत वाट बघायची. अकाउंट्समधल्या कुणाचा तरी लांबलचक रिपोर्ट चालू होता, त्यामुळे सर्व्हर बंद होईना. दोन मिनिटं धीर धरवला नाही; मुख्य प्रोसेसवर थेट किल -९, म्हणजे आवराआवरीची संधी न देता ठार. बाप मेला, पण रिपोर्टवाली पोरप्रोसेस जिवंतच राहिली. परत स्टार्ट दिलं तर पोस्टग्रेस अडून बसलं: जुनी शेअर्ड मेमरी (सर्व्हरच्या प्रोसेसची सामायिक मेमरी) अजून वापरात आहे. खाली सूचना होती की जुनी प्रोसेस चालू नसल्याची खात्री असेल तर ही फाइल काढा. पठ्ठ्याने वाक्याचा दुसरा अर्धा भागच वाचला.

फाइल गेली, सर्व्हर उठला, सगळे खूश. आता एकाच डेटा डिरेक्टरीत जुनी प्रोसेस आणि नवा सर्व्हर, दोघंही लिहीत होते. संध्याकाळी एकच बिल दोनदा दिसायला लागलं. शेवटी आदल्या रात्रीचा बॅकअप चढवला आणि दिवसभराच्या नोंदी कागदावरून परत टाइप केल्या. मीही बसलो होतो टायपायला.

माझी सवय साधी आहे. स्टॉप देताना '-एम फास्ट' हाताने लिहितो, म्हणजे क्लायंटची वाट न बघता त्यांना तोडून सर्व्हर नीट बंद होतो. ९.५ पासून तोच मूळ मोड आहे, तरी लिहितो, कारण समोरच्या मशीनवर कुठली आवृत्ती आहे याचा भरवसा नाही. 'इमिजिएट' म्हणजे वीज गेल्यासारखंच, पुढच्या स्टार्टला रिकव्हरी, म्हणजे अर्धवट राहिलेला डेटा सावरणं, भोगावी लागते. आणि पीआयडी फाइलकडे बोट नेण्याआधी पीएस (चालू प्रोसेसची यादी देणारी कमांड) लावून पोस्टग्रेसची एकही प्रोसेस उरली नाही हे बघतो. एकही नसेल तर पोस्टग्रेस बहुतेक वेळा ती शिळी फाइल स्वतःच बाजूला सारतं, आपल्याला काही करावंच लागत नाही.

'वेळेत सुरू झाला नाही' हा संदेश म्हणजे सर्व्हर मेला असं नव्हे. पीजी-सीटीएल मुळात ६० सेकंद थांबतं, रिकव्हरीला त्याहून जास्त लागू शकतात. लॉग बघा, चहा घ्या, पुढच्या वेळी '-टी' (थांबायची मुदत) वाढवा.

'-एल' (लॉग कुठल्या फाइलमध्ये जावा ते) न देता सुरू केलं तर लॉग टर्मिनलवर सांडतो आणि खिडकी बंद केली की कारणही गेलं.

रूट (मशीनचा सर्वाधिकारी युजर) म्हणून चालवू नका, ते चालणारच नाही. डेटा डिरेक्टरीला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) दिलं तरीही नाही, आणि ते बरंच आहे.

शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसच्या कॅशची मेमरी) बदलून नुसतं रीलोड (सर्व्हर बंद न करता कॉन्फिग परत वाचायला लावणं) देणारे मला रोज भेटतात. त्याला रीस्टार्टच लागतो. पीजी सेटिंग्ज या सेटिंगच्या यादीत 'पेंडिंग रीस्टार्ट' असा रकानाच आहे, कुणी बघत नाही.

स्टार्ट देताना '-ओ' (सर्व्हरला थेट ऑप्शन द्यायची सोय) मधून तात्पुरता पोर्ट ५४३३ देणारे तर विसरूनच जातात. पीजी-सीटीएल रीस्टार्ट केलं तरी तो ऑप्शन टिकतो, कारण तो पोस्टमास्टर डॉट ऑप्ट्स या फाइलमध्ये लिहिलेला असतो. मग कॉन्फिग फाइलमध्ये ५४३२ लिहून लिहून बोटं दुखतात. पूर्ण स्टॉप आणि मग नवा स्टार्ट द्या.

राहिलं पीजी-एक्सलॉग. डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद या फोल्डरमध्ये असते, रिकव्हरी तिच्यावरूनच होते; ती हाताने उडवायची नसते. नावात 'लॉग' बघून लोक ते फोल्डर साफ करायचे, म्हणून १० व्या आवृत्तीत त्याचं नाव पीजी-वॉल केलं. परवाच एकाचा फोन आला: 'सर, त्या वॉलमध्ये फार जागा अडकली होती.'

'होती' म्हणाला तो.