चार वर्षांची ऑनर्स पदवी: प्रवेश टी.वाय.नंतर, तयारी एफ.वाय.पासून

ऑनर्सच्या प्रवेशाची चौकशी बहुतेक जण सहाव्या सत्राची परीक्षा संपल्यावर करतात. तोवर त्यांच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. कोणत्या विषयात ऑनर्स करता येईल ते एस.वाय.ला मेजर (मुख्य विषय) निवडतानाच ठरलेलं असतं, आणि संशोधनासह ऑनर्स मिळेल की नाही ते सहाही सत्रांच्या बेरजेवर अवलंबून असतं. म्हणून हे सगळं एफ.वाय.च्या विद्यार्थ्याने वाचावं. टी.वाय.वाल्यांनी वाचलं तर त्यांनाही उपयोग होईल, पण थोडा कमी.

आधी नावाचा घोळ. दिल्ली विद्यापीठाचं जुनं बी.ए. ऑनर्स तीनच वर्षांचं होतं. आपल्याकडे पुणे विद्यापीठात ‘स्पेशल’ विषय घेऊन पदवी व्हायची, तिला कोणी ऑनर्स म्हणत नसे. आता महाराष्ट्रात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला ऑनर्स म्हणजे पदवीचं चौथं वर्ष. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा क्रेडिट आराखडा काढला (क्रेडिट म्हणजे तासांवरून ठरणारं अभ्यासाचं माप). राज्याने त्याला धरून एप्रिल २०२३ मध्ये शासन निर्णय काढला. विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त कॉलेजांत ही रचना २०२३-२४ पासून आली, संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. म्हणजे संलग्न कॉलेजात २०२४ ला एफ.वाय.ला बसलेल्यांचं चौथं वर्ष २०२७-२८ ला येतं. गोवा विद्यापीठानेही पदवीला ही रचना २०२३-२४ पासून घेतली.

इंजिनीअरिंगचं ऑनर्स वेगळं. तिथे वर्ष वाढत नाही, नेहमीच्या क्रेडिटांवर १८ ते २० जादा क्रेडिट त्याच चार वर्षांत करायचे असतात. त्याच्या अटी विद्यापीठागणिक बदलतात. पुढचं सगळं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.पुरतं आहे.

दोन प्रकारचं चौथं वर्ष

महाराष्ट्राच्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६. सत्राला २० ते २२ असा हिशोब. चौथ्या वर्षाचे दोन रस्ते आहेत आणि त्यांची गल्लत करू नका.

पहिला नुसता ऑनर्स. यात मेजर विषयाचे वरच्या पातळीचे पेपर, संशोधन पद्धतीचा पेपर आणि ऑन जॉब ट्रेनिंग असतं. यासाठी आयोगाने टक्क्यांची अट घातलेली नाही. दुसरा संशोधनासह ऑनर्स. यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प किंवा प्रबंधिका असते, आणि पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के किंवा ७.५ सीजीपीए (दहापैकी एकूण सरासरी) हवा. राज्याच्या आराखड्यात हे १२ क्रेडिट सातव्या सत्राला ४ आणि आठव्याला ८ असे विभागलेत. प्रात्यक्षिकाच्या हिशोबाने एका क्रेडिटला ३० तास धरले तर १२ क्रेडिट म्हणजे ३६० तासांचं काम. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. ‘शेवटच्या महिन्यात प्रोजेक्ट उरकू’ या बेतात तो बसत नाही.

हे वर्ष करावं का?

वर्षं वाया जातात ही भीती बरीचशी चुकीची आहे. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं एम.ए. किंवा एम.एस्सी. मिळून पाच वर्षं होतात. चार वर्षांची पदवी आणि एक वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण, तरी पाचच. फरक पडतो तो मधल्या टप्प्यावर. २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर मास्टर्स न करता थेट पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र होता येतं. अनुसूचित जाती-जमाती, नॉन क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना इथे ५ टक्क्यांची सवलत आहे. जून २०२४ पासून असे विद्यार्थी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेलाही बसू शकतात, मात्र पीएच.डी. प्रवेश आणि जेआरएफसाठी (संशोधनाची शिष्यवृत्ती). सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर त्यावर भागत नाही. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं एम.एस.साठी १६ वर्षांचं शिक्षण मागतात, तिथेही चौथं वर्ष कामाला येतं.

एमपीएससी, यूपीएससी, बँकेच्या परीक्षा हेच डोक्यात असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते. केवळ कॉलेजचं ओळखपत्र आणि हॉस्टेलची खोली आणखी वर्षभर राहावी म्हणून ऑनर्स घेणारे सातव्या सत्रातच कंटाळतात. स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विद्यापीठात लेखी विचारून घ्यावी: तीन वर्षांचं पदवी प्रमाणपत्र हातात घेऊन चौथ्या वर्षाला बसता येतं, की चौथं संपल्यावर एकच पदवी मिळते? जाहिरातीतल्या तारखेला पदवी हातात नसेल तर अर्ज बाद होतो.

साडेसातचा हिशोब

एका सत्राची दहापैकी सरासरी म्हणजे एसजीपीए, आणि सीजीपीए म्हणजे सत्रांच्या एसजीपीएची क्रेडिटनुसार सरासरी. सगळ्या सत्रांचे क्रेडिट सारखे असतील तर काम सोपं. समजा पाच सत्रांत ७.२, ७.०, ७.६, ७.४ आणि ७.८ मिळाले. बेरीज ३७. सहा सत्रांची सरासरी ७.५ यायची तर बेरीज ४५ हवी. म्हणजे सहाव्या सत्रात ८.० लागतात, आणि ते मिळवणं अवघड असलं तरी शक्य आहे. हीच बेरीज ३५ असती तर सहाव्यात सगळ्या पेपरांत ‘ओ’ ग्रेड, म्हणजे दहापैकी दहा, लागली असती. हा हिशोब चौथ्या सत्राच्या निकालानंतर एकदा कागदावर मांडाच. तेव्हा हातात दोन सत्रं असतात.

साडेसात म्हणजे नेमकं काय? दहाच्या श्रेणीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७ आणि बी ६. निम्मे पेपर ए आणि निम्मे बी प्लस, ही साडेसातची सरासरी. कुठेही एक बी आला की त्याची भरपाई कुठेतरी ए प्लसने करावी लागते.

विद्यार्थी घसरतात ते मेजरच्या पेपरांत नाही, किरकोळ समजल्या जाणाऱ्या दोन क्रेडिटच्या पेपरांत. भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्य शिक्षण, भाषेचा पेपर, एनएसएस किंवा योगासारखे सहअभ्यासक्रम. ‘त्याला काय, पास झालं की बस’ असं म्हणून असाईनमेंट दिली जात नाही. २२ क्रेडिटच्या सत्रात दोन क्रेडिटच्या एका पेपरात ओ ऐवजी बी मिळाला, तर २ गुणिले ४ म्हणजे ८ गुण गेले. भागिले २२ केलं की त्या सत्राचा एसजीपीए ०.३६ ने खाली येतो. असे दोन पेपर झाले की पाऊण गुण गेला. आणि हे पेपर अवघड म्हणून नाही, अंतर्गत मूल्यमापनाच्या तारखा चुकल्या म्हणून जातात.

ग्रेडचे टक्के करताना काही ठिकाणी सरळ दहाने गुणतात, काही ठिकाणी सूत्र वेगळं असतं. ते मार्कशीटच्या मागे किंवा परीक्षा विभागाच्या परिपत्रकात सापडतं. ७.४७ चं कोणीतरी ७.५ करून देईल या भरवशावर राहू नका. आणि एखादा पेपर एटीकेटीत अडकलेला असेल तर सीजीपीएच तयार होत नाही. मार्कांपेक्षा अशा एका राहिलेल्या पेपरानेच जास्त प्रवेश हुकतात.

मेजर निवडताना

ऑनर्स मेजर विषयातच होतं. अनेक ठिकाणी एफ.वाय.ला तीन विषय असतात आणि एस.वाय.ला जाताना त्यातला मेजर आणि मायनर ठरवावा लागतो. तेव्हा तुमच्या कॉलेजात त्या विषयाचं चौथं वर्ष आहे का, हे विचारूनच फॉर्मवर टिक करा. मैत्रिणीने भूगोल घेतला म्हणून भूगोल, आणि टी.वाय.नंतर कळतं की कॉलेजात भूगोल तीनच वर्षं आहे. तोपर्यंत मेजर बदलायची वेळ गेलेली असते. आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांत मेजरचे ६० आणि चार वर्षांत ८० क्रेडिट धरलेत. इतकं ओझं एका विषयाचं असेल तर तो आवडीचा असावा, एवढं तरी बघा.

विभागाला काय विचारायचं

संशोधनासह ऑनर्स प्रत्येक विभागाला चालवता येत नाही. विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन पूर्णवेळ, कायम प्राध्यापक लागतात. शिवाय ग्रंथालय, संशोधन पत्रिका, लागेल तिथे प्रयोगशाळा. तासिका तत्त्वावर चालणाऱ्या विभागाला हे जमत नाही, मग शिकवणारे कितीही चांगले असोत. म्हणून पाचव्या सत्रातच विभागप्रमुखांना गाठून सरळ विचारा: संशोधनासह ऑनर्सची मान्यता आहे का, जागा किती, गाईड कोण कोण, आणि चौथं वर्ष अनुदानित आहे की विनाअनुदानित. शेवटच्या प्रश्नावर फीचा आकडा ठरतो, आणि तो ऐनवेळी कळला तर घरचं गणित बिघडतं.

कॉलेजात सोय नसेल तर दुसऱ्या कॉलेजात किंवा विद्यापीठाच्या विभागात जावं लागतं. तिथे मेजरचे पेपर जुळतात का ते तपासतात. जुळत नसतील तर एखादा पेपर वरून करायला सांगतात, म्हणून सहाही सत्रांचा अभ्यासक्रम, पेपरच्या कोडसह, छापून जवळ ठेवा.

विषय आणि गाईड

संशोधनाच्या प्रवेशाला बऱ्याच ठिकाणी दोन-तीन पानी आराखडा मागतात किंवा मुलाखतीत विषय विचारतात. इथे एकच चूक सतत दिसते: विषय जिल्ह्याएवढा मोठा असतो. ‘सातारा जिल्ह्यातील पाणीटंचाई : एक अभ्यास’ हे शीर्षक बघून गाईड मान हलवतात, आणि ती होकाराची नसते. एक विद्यार्थी, एक वर्ष, ३६० तास. त्यात काय मावेल? माण तालुक्यातली तीन गावं घ्या. गेल्या पाच उन्हाळ्यांत प्रत्येक गावात टँकर किती दिवस आला, त्याच काळात विहिरींची पातळी किती होती, आणि ज्या गावात जलसंधारणाचं काम झालं तिथे फरक पडला का, एवढंच विचारा. नोंदी ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत मागायच्या, विहिरी स्वतः मोजायच्या. आता प्रश्न आहे, माहितीचा ठिकाणा आहे आणि उत्तर ‘नाही’ आलं तरी काम वाया जात नाही.

आराखड्यात प्रश्न, आधी कोणी काय काम केलं त्याचा छोटा आढावा, माहिती कुठून आणि कशी घेणार, आणि महिन्यांचं वेळापत्रक एवढं पुरे. वेळापत्रकात दिवाळी आणि सातव्या सत्राची परीक्षा धरा. लोक हमखास विसरतात.

गाईड निवडताना प्राध्यापकाच्या नावापेक्षा त्यांचं काम बघा. त्यांचे दोन लेख वाचून भेटायला गेलात तर बोलणं सोपं जातं. नुसतं ‘सर, तुमच्याकडे करायचं आहे’ म्हणून दारात उभं राहणारे डझनभर असतात.

उचललेला मजकूर हा आणखी एक खड्डा. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांना सुधारून पुन्हा सादर करायला लावतात. त्यापुढे वर्षभर बंदी, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द. मराठीत लिहिलं की सॉफ्टवेअरला सापडत नाही, असं सांगणारा एखादा सीनियर भेटतोच. त्याचं ऐकू नका. तोंडी परीक्षेत ‘हे वाक्य तुमचं का?’ एवढा एक प्रश्न पुरतो.

कागदपत्रं

सगळ्यात आधी एबीसी आयडी. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा हा बारा आकडी क्रमांक डिजिलॉकरवरून काढता येतो. क्रमांक काढून थांबू नका, खात्यात सहाही सत्रांचे क्रेडिट दिसतात का ते उघडून बघा. दिसत नसतील तर बऱ्याच वेळा कारण नावाचं असतं. आधारवर ‘पाटील स्नेहल रमेश’, मार्कशीटवर ‘स्नेहल रमेश पाटील’, किंवा आईचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही. ही दुरुस्ती एका दिवसाची नाही. परीक्षा विभागात अर्ज, आधार केंद्रावर फेरी, मग पुन्हा जोडणी. पाचव्या सत्रात हे उरकून घ्या.

बाकी फाइलमध्ये सहा सत्रांच्या मार्कशीट, टीसी, दहावीची सनद, आधार, फोटो. कॉलेज बदलत असाल तर ट्रान्स्क्रिप्ट. विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन आणि नव्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी. मधे खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, आणि लागू असेल तर चालू मुदतीचं नॉन क्रीमीलेअर. त्यावरची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश जून-जुलैत असतात, हे लक्षात ठेवून एप्रिलमध्येच अर्ज टाका. जूनमध्ये सेतू केंद्रावर सगळा तालुका लोटलेला असतो.

टीसीची मूळ प्रत देण्याआधी तिच्या चार झेरॉक्स साक्षांकित करून घ्या. आणि जुन्या कॉलेजातून टीसी काढण्याआधी नव्या ठिकाणी जागा पक्की झाली आहे का, ते बघा.

शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर चौथं वर्ष कॉलेजच्या नावापुढे दिसतं का, हे फी भरण्याआधी तपासावं. कोर्स यादीत नसेल तर अर्जच भरता येत नाही, आणि तो यादीत आणण्याचं काम कॉलेजचं असतं. ऑफिसात तोंडी सांगून भागत नाही. प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि आठ दिवसांनी पुन्हा पोर्टल उघडून बघा.