पहिल्या ट्रायथलॉनची तयारी
पहिल्या प्रयत्नासाठी एकापाठोपाठ ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे एवढाच पल्ला असलेली स्प्रिंट ट्रायथलॉन निवडावी. सर्वाधिक लक्ष पोहण्याकडे द्यावे, कारण तरणतलावात कठड्याला धरून दम खाता येतो, तसा खुल्या पाण्यात येत नाही. तिथे दर सहा-आठ हातांनंतर डोळे पाण्याच्या जरा वर काढून पुढचा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, हेरावा लागतो, आणि ही सवय तरणतलावातच लावून घेता येते. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरताच दहा-पंधरा मिनिटे धावावे. सुरुवातीला पाय जड, जणू दुसऱ्याचेच वाटतात, पण ते चालायचेच. महागडी सायकल नसली तरी काही अडत नाही. मात्र हेल्मेटचा पट्टा बांधल्याशिवाय सायकल जागेवरून हलवू नये, कारण स्पर्धेत तो नियमभंग ठरतो.