ट्रॅव्हल ट्रेलरमधली गळती: पाणी येतं कुठून आणि थांबवायचं कसं

एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मिशिगन, ओहायो, इलिनॉयकडची थंडी ओसरली की हिवाळाभर झाकून ठेवलेले ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची चाकांवरची घरं, बाहेर निघतात. दार उघडल्याबरोबर कुबट वास आला, पलंगाच्या कोपऱ्यातलं प्लायवूड काळं पडलेलं दिसलं, की बहुतेक जण सिलिकॉनची नळी आणतात आणि दिसेल त्या फटीत भरतात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! गळती राहते तिथेच. शिवाय सिलिकॉनवर दुसरं काहीच धड चिकटत नाही, त्यामुळे पुढे खरी दुरुस्ती करायची वेळ आली की आधी ते खरवडण्यात दिवस जातो.

ओळखीतल्या बऱ्याच मराठी घरांनी इकडे जुना ट्रेलर घेतलाय. मुलांना घेऊन यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचं, हॉटेलचा खर्च नको, घरचं जेवण मिळतं, हिशेब सरळ असतो. पण हे चाकांवरचं घर म्हणजे बहुतेकदा लाकडाच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पातळ पत्रा. अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टच्या परिसरात बनतात आणि महागड्या मॉडेलांतही जोड झाकायची पद्धत साधारण तीच असते: मध्ये चिकट पट्टी, वरून स्क्रू, कडेला सीलंट (फट बुजवायचा चिकट लेप). हे सगळं हायवेवर तासन्‌तास हादरतं, उन्हात वाळतं, बर्फात आक्रसतं. त्यामुळे ट्रेलर कधीतरी गळणारच. तो कुठून गळतोय हे किती लवकर कळतं, यावर दुरुस्तीचा खर्च ठरतो.

आधी ठरवा, पाणी कोणतं?

ट्रेलरमध्ये ओल तीन वाटांनी येते: पावसाचं पाणी, पाइपातलं पाणी आणि हवेतली वाफ. तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून हे ठरवल्याशिवाय हत्यारांच्या पेटीला हात लावू नका.

वाफेचं आधी उरकतो, कारण ती गळतीच नव्हे. चौघं जण दारं-खिडक्या लावून झोपलेत, रात्री खिचडीच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्यात आणि बाहेर पारा शून्याजवळ आहे. सकाळी काचांवर थेंब आणि गादीखाली ओल असणारच. शेगडीतला एक किलो प्रोपेन गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. ओल फक्त थंडीत, फक्त माणसं राहिली तरच आणि गादीखाली किंवा कपाटांच्या मागे येत असेल, तर छताचा झरोका बोटभर उघडा ठेवा, स्वयंपाक करताना पंखा लावा आणि गादीखाली हवा खेळेल अशी जाळी टाका. सीलंटचं इथे काही काम नाही.

पाइपाची परीक्षा सोपी आहे. टाकीत पाणी भरा, बाहेरच्या नळाची रबरी नळी (होज) काढून ठेवा, सगळे नळ बंद करा आणि १२ व्होल्टचा पंप चालू करा. दाब भरला की पंप थांबतो. अर्धा तास काही वापरू नका. मध्येच तो आपोआप दोन सेकंद घरघरला, तर दाब कुठेतरी सुटतोय. पंप गप्प राहिला आणि तरी आठवडाभरात ओल वाढली, तर संशय पावसावर किंवा सांडपाण्याच्या पाइपावर घ्यायचा.

पाइपाची गळती

टॉयलेट पेपर किंवा पेपर टॉवेलच्या पट्ट्या करा आणि सिंकखालच्या, कमोडमागच्या, पंपाजवळच्या प्रत्येक जोडाखाली एकेक ठेवा. बोट चुकतं, कागद चुकत नाही. कोणता कागद आधी भिजला ते बघा.

काही जागा हमखास सापडतात. पंपाच्या तोंडाशी गाळणीची पारदर्शक वाटी असते, ती गोठून तडकते. कमोडच्या मागचा व्हॉल्व्ह फक्त फ्लश करताना गळतो, म्हणून एकाने फ्लश करायचं आणि दुसऱ्याने टॉर्च मारायचा. आणि बाहेरच्या शॉवरची पेटी! हिवाळ्यापूर्वी सगळ्या पाइपांत गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) भरतात, पण या बाहेरच्या नळांचा विसर पडतो. आत राहिलेलं पाणी गोठून नळ फुटतो आणि वसंतात पाणी भिंतीच्या आत सांडायला लागतं. पेटीच्या मागची फळी काढल्याशिवाय ते दिसतही नाही.

प्लॅस्टिकचे नट हाताने घट्ट करा, फार तर पान्याने पाव फेरा. जोर लावला की आतलं रबर सरकतं किंवा नटच तडकतो. कॅम्पग्राउंडच्या नळाला जोडताना दाब कमी करणारा रेग्युलेटर लावाच. ट्रेलरच्या पाइपांना ४० ते ६० पीएसआय (दाब मोजायचं एकक) पुरे. काही कॅम्पग्राउंडमध्ये दाब याच्या खूप वर जातो.

गिझर तापताना बाहेरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडत असतील, तर लगेच नवा व्हॉल्व्ह आणू नका. टाकीच्या वरच्या भागात हवेची थोडी जागा लागते, ती भरून गेली की तापून फुगलेलं पाणी तिथून वाट काढतं. गिझर बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, पाणी बंद करा, आतला गरम नळ उघडा आणि व्हॉल्व्हचा दांडा वर करून वाहणं थांबेपर्यंत धरा. मग दांडा खाली घेऊन नळ बंद करा आणि पाणी सुरू करा. एवढ्यावर बहुतेकदा काम होतं.

पावसाचं पाणी: डाग दिसतो तिथे भोक नसतं

कौलारू घरात वाढलेल्यांना हे ठाऊक असतं. पाणी एका कौलातून शिरतं, वाशावरून घरंगळत जातं आणि भलत्याच खोलीत टपकतं. ट्रेलरमध्येही ते सांगाड्याच्या पट्टीवरून, वायरीवरून, इन्सुलेशनमधून सहा-सात फूट सहज सरकतं. म्हणून डाग सापडला की तिथून वर आणि ट्रेलर ज्या बाजूला उंच उभा असतो तिकडे शोधत जा.

आतून सुरुवात करा. वरची कपाटं रिकामी करून त्यांच्या आतले कोपरे बघा. निर्माता तिथे वॉलपेपर नीट लावत नाही, त्यामुळे ओल लपत नाही. पलंगाची फळी उचला. खिडक्यांखालची भिंत तळव्याने दाबा, मऊ लागली तर आतलं लाकूड गेलंय. दोन टोकांचा ओलावा मोजणारा मीटर स्वस्तात मिळतो. लाकडात १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० च्या पुढे आकडा गेला की जागेवर खूण करा. फायबरग्लासच्या ट्रेलरला बाहेरून, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, भिंतीला डोळा लावून पाहा. फुगवटा दिसला तर पत्रा आतल्या प्लायवूडपासून सुटलाय. जुना ट्रेलर विकत घेताना मी आधी हेच बघतो, आणि पुढच्या भिंतीला फुगवटा असेल तर किमतीचं बोलतच नाही.

मग छत. वीज आणि गॅस बंद करा, शिडी पक्की बांधा आणि वर प्लायवूडचा तुकडा टाकून गुडघ्यांवर चाला. ओलं रबरी छत भयंकर निसरडं असतं. एसी सोडून वर जे जे बसवलंय, म्हणजे झरोके, फ्रिजचं धुराडं, सांडपाण्याच्या पाइपांच्या टोप्या, स्कायलाइट, अँटेना, त्या प्रत्येकाच्या कडेचं सीलंट बघा. तडे, उचकटलेल्या कडा, स्क्रूच्या डोक्यावर उघडी पडलेली जागा, हीच शिरण्याची ठिकाणं.

एवढ्यावर भोक सापडलं नाही तर पाणी मारून बघायचं. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर होज घेऊन. नोझल काढून टाका, नुसती पावसासारखी मंद धार हवी. प्रेशर वॉशर तर दूरच ठेवा, तो चांगल्या जोडातूनही पाणी आत ढकलतो. सुरुवात खालून: आधी खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, मग त्यावरचा दिवा, शेवटी छताची कड. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर खालचं सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

दुरुस्ती

सीलंट लावण्याआधी भिंत वाळू द्या. पंखा आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) लावून मीटरचा आकडा खाली येईपर्यंत, मग त्याला आठवडा लागो नाहीतर दोन. ओल आत कोंडली की बुरशीचं फावतं. बुरशी आधीच असेल तर एन-९५ मास्क आणि हातमोजे घालूनच काम करा.

खिडकीत सगळ्यात आधी खालच्या चौकटीतली पाणी निघून जायची बारीक भोकं बघा. चिखल आणि मेलेल्या किड्यांनी ती तुंबली की खाच भरते आणि पाणी आत उतरतं. काडीने साफ केल्यावर गळती थांबली, तर सुटलात. नाही थांबली तर आतल्या रिंगचे स्क्रू काढा, बाहेर कोणाला तरी धरायला सांगा आणि खिडकी हळूच ढकला. जुनी चिकट पट्टी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, स्पिरिटने पुसा, कडेला एक अष्टमांश इंच जाडीची ब्युटाइल टेप (मऊ रबरी चिकट पट्टी) सलग लावा आणि खिडकी परत बसवून समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळा. दोन दिवसांनी टेप दबते, तेव्हा पुन्हा एकदा आवळा आणि बाहेर आलेला भाग कापून टाका. वरून सीलंट लावायचंच असेल तर वरच्या आणि बाजूच्या कडांना लावा, खालची कड मोकळी सोडा. पुढच्या कपाळावरच्या लहान पिवळ्या दिव्यांनाही हाच नियम.

कोपऱ्यांवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत एक व्हिनिलची फीत असते. ती ओढून काढली की आतल्या स्क्रूंची रांग दिसते, आणि त्यात गंजलेले स्क्रू जिथे आहेत तिथूनच पाणी शिरलंय. पट्टी काढून जुना चिकटा साफ करा, नवी ब्युटाइल लावा, स्टेनलेसचे स्क्रू वापरा. भोक सैल झालं असेल तर थोडा जाड किंवा लांब स्क्रू घ्या. फीत नवी घाला, पण ताणून नाही. ती उन्हाने आक्रसते, म्हणून टोकाला इंचभर जास्त ठेवा.

छतासाठी आपोआप पसरणारं सीलंट मिळतं, डायकॉर हे त्यातलं नेहमीचं नाव. ते सपाट जागेसाठी; कडेला किंवा उभ्या भागावर न ओघळणारा प्रकार घ्या. जुनं सगळं उपटायचा मोह आवरा, त्यात खालचं रबर फाटतं. सुटलेलं तेवढं काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि वर नवा थर द्या. रबरी छतावर पेट्रोलजन्य सॉल्व्हंट नको, त्याने रबर फुगतं. हवा ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सियसच्या वर हवी. छत फाटलं असेल तर इटर्नाबाँडसारखी छताची टेप. ती एकदा टेकली की उचलता येत नाही, म्हणून कोरडीच धरून माप घ्या, मगच मागचा कागद काढा आणि रोलरने दाबा.

एसीभोवती मात्र सीलंट फासू नका. एसीचं स्वतःचं पाणी छतावरच उतरतं, त्याला निघून जायला वाट हवी. आतलं झाकण काढून चार बोल्ट बघा. खालचं फोमचं गॅस्केट मूळ जाडीच्या साधारण निम्मं दबलेलं असावं. बोल्ट सैल असतील तर चारही एकसारखे आवळा, गॅस्केट आधीच चपटं झालं असेल तर बदला.

ट्रेलरच्या आतल्या जमिनीत टोचा सहज घुसत असेल, तर काम प्लायवूड कापून नवं घालण्याचं. हातभर जागा असेल तर घरी जमतं. सांगाड्याच्या खालच्या पट्ट्याच कुजल्या असतील किंवा फायबरग्लासची अख्खी भिंत सुटली असेल, तर आधी कोटेशन आणा आणि ते ट्रेलरच्या किमतीशेजारी ठेवून बघा. विम्यावर फार भिस्त ठेवू नका. हळूहळू झिरपून झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसी देखभालीतली हयगय मानतात.

छताची पाहणी वर्षातून किमान दोनदा, हिवाळ्याआधी आणि हिवाळ्यानंतर करा, आणि दर वेळी तेच कोपरे धरून फोटो काढा, म्हणजे तडा नवा की जुना ते कळतं. ट्रेलर उभा करताना एक टोक किंचित उंच ठेवा, पाणी साचत नाही. आणि आपल्याकडे पावसाळ्यात टाकतात तशी निळी ताडपत्री टाकू नका. वाऱ्याने फडफडून ती रबर घासते, कडा कापते आणि खालची ओल बाहेर जाऊ देत नाही. त्यापेक्षा हवा जाऊ देणारं कापडी कव्हर घ्या, आणि ते बांधण्याआधी छताच्या टोकदार कोपऱ्यांना जुन्या टॉवेलचे तुकडे गुंडाळा.