तेरेझीनचा भुईकोट: आधी नदी बघा

प्रागच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर तेरेझीन नावाचं तटबंदीतलं गाव आहे. जर्मन लोक त्याला थेरेझियनश्टाट म्हणतात. बहुतेक प्रवासी अर्ध्या दिवसाच्या सहलीने येतात, लहान किल्ल्यातल्या कोठड्या बघतात, ‘आर्बाइट माख्ट फ्राय’ (‘काम मुक्त करतं’) लिहिलेल्या कमानीचा फोटो काढतात आणि ‘ज्यूंची छावणी पाहिली’ असं समजून परततात. इथेच गल्लत होते. ज्या कोठड्या त्यांनी पाहिल्या, तो दुसऱ्या महायुद्धात गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, तुरुंग होता. ज्यूंना कोंडलं होतं ते नदीच्या दुसऱ्या बाजूच्या अख्ख्या गावात, म्हणजे मोठ्या किल्ल्यात. दोन्ही मिळून एकच लष्करी रचना आहे. ती रचना कशासाठी उभी राहिली आणि कशी चालायची हे आधी कळलं, की पुढच्या दीडशे वर्षांत तिथे जे घडलं ते इथेच का घडलं, हे आपोआप उलगडतं. म्हणून बघण्याचा क्रम महत्त्वाचा. अख्खा दिवस काढा. सहा-सात तास लागतातच.

निघण्याआधी नकाशा

मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उतरवून घ्या. हे हौसेखातर सांगत नाही. हा किल्ला जमिनीवरून दिसत नाही आणि तो दिसू नये म्हणूनच तसा बांधलाय. वरून मात्र आठ टोकांची चांदणी स्पष्ट दिसते आणि तिच्या पूर्वेला लहान किल्ल्याची वेगळी आकृती.

नकाशात तीन गोष्टी शोधा. पहिली ओहर्झे नदी. बव्हेरियातल्या फिख्टेल डोंगरात उगम पावून तीनशेहून जास्त किलोमीटर वाहत ती इथे येते आणि लितोमेर्झित्सेपाशी लाबे नदीला, म्हणजे एल्बला, मिळते. दुसरी गोष्ट उत्तरेचे टेकडे: जुन्या ज्वालामुखींचे सुळके. त्यांच्यातून वाट कापत लाबे सॅक्सनीत ड्रेस्डेनकडे जाते. तिसरी, त्या खिंडीच्या दक्षिणेला प्रागपर्यंत पसरलेला सपाट मुलूख. ड्रेस्डेनहून प्रागवर चालून येणारं सैन्य डोंगरातून बाहेर पडतं ते नेमकं इथे. प्रशियाचा दुसरा फ्रेडरिक १७५६ मध्ये असाच आला. १ ऑक्टोबरला शेजारच्या लोवोसित्सेला लढाई झाली. हा बोहेमियाचा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाकडे होता, आणि त्याआधी ऑस्ट्रियाच्या हातून शेजारचा सायलेशिया प्रांत गेलाच होता. १७७८ मध्ये प्रशियाची फौज पुन्हा बोहेमियात उतरली.

सम्राट दुसऱ्या योसेफने मग दोन वाटांवर दोन किल्ले घातले. पूर्वेकडे लाबे आणि मेतुये यांच्या संगमाजवळ योसेफोव्ह, इकडे तेरेझीन. दोन्हींची पायाभरणी ऑक्टोबर १७८० मध्ये, आठवड्याच्या अंतराने झाली. तेरेझीनची तारीख १० ऑक्टोबर. नाव दिलं आई मारिया तेरेसाचं. ती पुढच्याच महिन्यात वारली.

पोहोचायचं कसं

प्रागच्या होलेशोवित्से स्थानकाजवळून लितोमेर्झित्सेला जाणारी बस तेरेझीनच्या चौकात सोडते. साधारण तासाभराचा प्रवास. ट्रेनने आलात तर उतरायचं बोहुशोवित्से नाद ओहर्झीला. तिथून गाव तीनेक किलोमीटर, म्हणजे चालत पाऊण तास. बस सोयीची आहे, तरी जमलं तर जाताना ट्रेन घ्या. नोव्हेंबर १९४१ पासून दीड वर्ष कैद्यांना याच स्थानकावर उतरवून सामानासकट याच अंतरावर चालवत नेत. जून १९४३ मध्ये कैद्यांकडूनच गावापर्यंत रेल्वेचा फाटा टाकून घेतला, तेव्हा ही पायपीट थांबली. शिवाय किल्ल्याची युक्ती कळते ती याच रस्त्याने येताना. समोर नुसती झाडं आणि गवताचा उंचवटा दिसत राहतो, आणि अचानक पायाखाली खंदक येतो.

वार निवडताना शनिवार टाळा. ज्यू दफनभूमी आणि तिथली दहनभट्टी शनिवारी बंद असते. नाताळचे दिवस आणि १ जानेवारीही टाळा. हिवाळ्यात सगळंच लवकर बंद होतं, तेव्हा सकाळची पहिली गाडी पकडा. लहान किल्ला, घेटो (ज्यूंना कोंडलेली वस्ती) संग्रहालय आणि माग्देबुर्ग बराक यांचं एकत्र तिकीट मिळतं. सुटी तिकिटं काढू नका.

तट वाचायचा कसा

सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाची इथे पहिल्यांदा निराशा होते. उंची नाही, कडा नाही, गोल बुरूज नाहीत. हा भुईकोट आहे, आणि तोही तोफा सुधारल्यानंतरच्या काळातला. आराखडा फ्रान्सच्या मेझियेर लष्करी शाळेच्या पद्धतीचा. काम सेनाधिकारी कार्ल क्लेमेन्स पेलेग्रिनीच्या देखरेखीखाली झालं.

खंदकावरच्या पुलावर उभे राहा आणि तटाच्या रेषेत बाजूला बघा. दोन बुरुजांमध्ये सरळ भिंत, आणि बुरूज बाणाच्या टोकासारखा पुढे आलेला. गोल बुरुजाच्या नाकासमोर एक जागा अशी उरते, जिथे शेजारच्या बुरुजावरून मारा पोहोचत नाही. शत्रू तिथे येऊन सुरुंग लावू शकतो. टोकदार बुरुजाच्या दोन्ही बाजू सरळ असल्यामुळे शेजारचा बुरूज तिथे थेट गोळे टाकू शकतो. मोठ्या किल्ल्याला असे आठ बुरूज आहेत. एकाचं नाक दुसऱ्याच्या माऱ्यात येतं का, हे डोळ्याने रेषा काढून तपासा. एकदा हे दिसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता भिंतीकडे. बाहेरून वीट, कोपऱ्यांना दगड. पण वीट म्हणजे फक्त कातडी. आत मातीचा प्रचंड भराव आहे. दगडी भिंतीवर गोळा आदळला की ती फुटते आणि तिच्या कपच्या आतल्या माणसांनाच मारतात. मातीत गोळा रुततो. म्हणून तट बुटका आणि जाड. खंदकात मध्येच त्रिकोणी बेटासारखी बांधकामं दिसतील. ती सरळ भिंतीच्या पुढचं कवच. खंदकाच्या पलीकडे जमीन हळूहळू बाहेर उतरत जाते. हा उतार मुद्दाम घातलेला आहे. लांबून येणाऱ्या तोफखान्याला विटेची भिंत दिसतच नाही, आणि उतारावर चढणाऱ्या माणसाला मात्र लपायला झाड-दगड काही नाही. (आज तिथे झाडं आहेत. किल्ला कामात असता तर एकही ठेवलं नसतं.)

जमिनीखाली एकोणतीस किलोमीटरच्या गल्ल्या आहेत. त्या पळून जायच्या वाटा नव्हेत. चोरवाटांच्या कथा इथेही ऐकायला मिळतात, त्या सोडून द्या. शत्रू तटाखाली सुरुंग खणायला लागला तर खणण्याचा आवाज ऐकायचा आणि त्याच्याकडे उलटा सुरुंग न्यायचा, हे त्यांचं मुख्य काम. लहान किल्ल्यात अशा गल्लीचा पाचेकशे मीटरचा तुकडा बघता येतो. आत उन्हाळ्यातही गारठा असतो, वाट अरुंद आणि ओली. जाकीट आणि नीट पकड असणारे बूट हवेत. बंद जागेची भीती वाटत असेल तर वरून वळसा घ्या. मोठ्या किल्ल्याच्या उघड्या पडलेल्या भगदाडांतून मात्र एकट्याने शिरू नका. विटा सुटलेल्या आहेत आणि आतल्या फाट्यांमध्ये दिशा हमखास चुकते.

पाणी हेच हत्यार

किल्ला इथेच का, याचं खरं उत्तर खंदकाच्या तळाशी आहे. आज तो बहुतेक कोरडा, गवताळ दिसतो आणि लोकांना वाटतं पाणी आटलं. तसं नाही. कोरडा खंदक शांततेच्या काळात सोयीचा: डागडुजी होते, वेळ पडली तर शिबंदी त्यातून बाहेर पडून छापा घालू शकते. वेढा पडला की नदीवरचे दरवाजे टाकून ओहर्झेचं पाणी अडवायचं आणि खंदकात सोडायचं. त्याहून पुढे जाऊन आजूबाजूचा सखल भागही बुडवायचा. वेढा घालणारं सैन्य चर खणत खणत जवळ येतं. चरात पाणी भरलं की खणणं थांबतं, दारू भिजते, तोफा चिखलात रुततात. एवढ्यासाठी नदीचं पात्रसुद्धा हलवलं. जुनी ओहर्झे आणि नवी ओहर्झे ही नावं नकाशावर आजही सापडतात. जागेसाठी दोन गावं उठवून दुसरीकडे वसवली.

हे सखलपण नंतर उलटलं. ऑगस्ट २००२ च्या महापुरात पाणी गावात आणि स्मारकात शिरलं, तेव्हा दरवाजे कुणी टाकले नव्हते.

शत्रूने मात्र वेढा कधी घातलाच नाही. १८६६ च्या युद्धात प्रशियाचं सैन्य बाजूने निघून गेलं. तेरेझीनची तुकडी जुलैअखेर बाहेर पडली आणि तिने नेरातोवित्सेचा रेल्वेपूल उडवला, पण तोवर तहाची प्राथमिक बोलणी पक्की झाली होती. १८८० च्या दशकात किल्ल्याचा लष्करी दर्जा काढून घेतला. उरलं ते छावणीचं गाव, आणि कैदी ठेवायला सोयीचा लहान किल्ला. सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घालणारा गाव्ह्रिलो प्रिन्सिप इथेच कैदेत होता. गुन्ह्याच्या वेळी वय वीसच्या आत होतं म्हणून फाशी टळली होती. क्षयाने २८ एप्रिल १९१८ रोजी तो इथे मेला.

गाव बघताना

आता मोठ्या किल्ल्याच्या आत या. रस्ते पट्टीने आखलेले, मधोमध चौक, चर्च, चहूकडे प्रचंड बराकी. सैन्यासाठी आखलेल्या गावात माणसं मोजणं, विभागणं आणि अडवणं सोपं असतं. तट तयार, दारं मोजकी, हजारोंना झोपवायच्या बराकी तयार, रेल्वे जवळ, आणि शेजारच्या लहान किल्ल्यात जून १९४० पासून गेस्टापोचा तुरुंग चालू. १९४१ च्या शरद ऋतूत नाझींनी हे गाव निवडलं त्यामागे हा हिशेब होता. बाहेरच्यांना अडवायला बांधलेला तट आतल्यांना अडवायलाही तितकाच पुरला.

ज्यू कैद्यांची पहिली तुकडी २४ नोव्हेंबर १९४१ ला आली. १९४२ च्या मध्यापर्यंत मूळ रहिवाशांना हलवून सगळं गावच कैदखाना केलं. युद्धापूर्वी सैनिक धरून सातेक हजारांची वस्ती होती. सप्टेंबर १९४२ मध्ये तिथे अठ्ठावन्न हजारांवर माणसं होती. एप्रिल १९४५ पर्यंत सुमारे १,४०,००० आणली गेली. त्यांपैकी तेहतीस हजारांच्या आसपास इथेच भूक आणि रोगांनी मेली, तर सुमारे ८८,००० पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांत धाडली गेली.

रस्त्यांना तेव्हा नावं नव्हती. उभे रस्ते ‘एल’, आडवे ‘क्यू’ आणि पुढे आकडा. आठवणींमध्ये आणि चित्रांखाली ‘एल ४१७’ असं वाचाल, तो घराचा पत्ता आहे: जुनी शाळा, मग मुलग्यांचं वसतिगृह, आज घेटो संग्रहालय. इथून सुरुवात करा. तिथून माग्देबुर्ग बराक. कैद्यांचं प्रशासन इथे होतं, मुलांचा ‘ब्रुन्डिबार’ ऑपेरा २३ सप्टेंबर १९४३ ला पहिल्यांदा इथेच झाला आणि त्याचे एकूण पंचावन्नेक प्रयोग झाले. एका खोलीत तीन मजली फळ्यांचं शयनगृह उभं केलंय. दारातून बघून पुढे सरकू नका. एका माणसाच्या वाट्याला किती फळी यायची, ते डोळ्याने मोजा.

चौकात आलात की २३ जून १९४४ आठवा. रेडक्रॉसच्या पाहुण्यांना दाखवायला त्याआधी बागा लावल्या, वाद्यवृंदासाठी मंडप घातला, आणि गर्दी कमी दिसावी म्हणून मे महिन्यात साडेसात हजार जणांना आउश्वित्झला पाठवलं. आजचा चौक इतका नीटनेटका आहे, की ही फसवणूक कशी खपली असेल याची कल्पना येते.

डलौहा रस्त्यावर एका अंगणात लपलेली छोटी प्रार्थनाखोली आहे, भिंतींवर हिब्रू अक्षरं. बरेच जण तिच्यासमोरून न बघता जातात. तिकीटखिडकीवर विचारून घ्या.

मग बोहुशोवित्सेच्या बाजूने तटाबाहेर पडा. रेल्वेफाट्याचे रूळ, अस्थिकलश ठेवायची जागा आणि पुढे दफनभूमी व दहनभट्टी. याच बाजूच्या सखल मैदानात ११ नोव्हेंबर १९४३ ला मोजणीसाठी चाळीसेक हजार कैद्यांना दिवसभर उभं ठेवलं होतं.

लहान किल्ला सगळ्यात शेवटी. संग्रहालयापासून चालत पंधरा-वीस मिनिटं. दारासमोर राष्ट्रीय दफनभूमी लागते. लहान किल्ल्याच्या तुरुंगातून युद्धकाळात सुमारे बत्तीस हजार कैदी गेले, बरेचसे चेक राजकीय कैदी. कमानीपाशी गर्दी असते. तिला वाट देऊन आधी चौथ्या अंगणाकडे जा आणि परतताना कमान बघा.

गावात खाण्याच्या जागा मोजक्या आहेत. डबा सोबत ठेवा, नाहीतर संध्याकाळी तीनेक किलोमीटरवरच्या लितोमेर्झित्सेत जेवा. तिथे उजेड शिल्लक असेल तर गावालगतच्या ३९९ मीटरच्या रादोबील टेकडीवर चढा. सकाळी नकाशात बघितलेली डोंगरांतली खिंड आणि सपाट मुलूख वरून एका नजरेत येतो.

त्याआधी तेरेझीनमध्ये एक थांबा राहतो: ओहर्झेच्या काठावरची स्मृतिजागा. नोव्हेंबर १९४४ मध्ये पुरावा मिटवण्यासाठी सुमारे बावीस हजार कलशांमधली राख कैद्यांच्या हातांनी या नदीत ओतवली गेली. पाट्या लहान आहेत, म्हणून नकाशावर जागा आधीच खूण करून ठेवा. पाऊस झाला असेल तर काठ निसरडा असतो.